अंब्रेला सील की पॉझिटिव्ह सील? हेड बांधण्याआधी हे तपासा

इंजिनाच्या हेडचं (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या झाकणाचं) काम निघालं की गॅस्केट किटमधून व्हॉल्व्ह सीलची पुडी बाहेर येते आणि बहुतेक वेळा विचार न करता तीच बसवली जाते. आतली सील अंब्रेला आहेत की पॉझिटिव्ह, हे बघायला फारसं कुणी थांबत नाही. दोन्ही रबराची, दोन्ही व्हॉल्व्हच्या स्टेमवर (दांडीवर) चढणारी, दोन्ही गाइडमधून, म्हणजे स्टेम ज्या नळीत सरकतं तिच्यातून, खाली जाणारं ऑइल अडवणारी. मात्र अडवण्याची रीत वेगळी आहे, आणि कुठल्या हेडला कुठलं सील टिकेल हे त्या रीतीवरच ठरतं.

अंब्रेला सील स्टेमला घट्ट धरून बसतं आणि व्हॉल्व्हबरोबर खाली-वर होतं. गाइडला ते पकडत नाही, फक्त त्याच्या माथ्यावर घेर धरतं. रॉकरवरून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यावरून) उडालेलं ऑइल त्या घेरावरून बाजूला पडतं. पॉझिटिव्ह सील गाइडच्या माथ्यावर घट्ट बसतं आणि जागचं हलत नाही. स्टेम त्याच्या ओठातून (आतल्या पातळ कडेतून) सरकत राहतं आणि ओठ ऑइल पुसून काढतो; त्याची पकड टिकावी म्हणून भोवती बहुतेकदा बारीक गोल स्प्रिंग असते. पुसतो म्हणजे स्टेम कोरडं करत नाही. पातळ थर मागे सोडतो, कारण गाइडलाही वंगण लागतं.

इनटेकच्या बाजूला हा फरक सर्वात जास्त जाणवतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटलं की इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम तयार होतो आणि तो गाइडमधून ऑइल खाली ओढतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे गिअरमध्ये उतरत आलेली गाडी खाली पोचून अ‍ॅक्सिलरेटर देताच निळ्या धुराचा लोट सोडत असेल, तर आधी सील आणि गाइडवर संशय घ्यावा. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर धूर बहुधा चढावर, लोड असतानाही दिसतो. अंब्रेला सील वरून पडणारं ऑइल चुकवतं, पण व्हॅक्युमची ओढ रोखायला त्याच्याकडे ओठ नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इनटेकला शक्य असेल तिथे पॉझिटिव्हच. एक्झॉस्टला ओढ कमी आणि उष्णता जास्त, त्यामुळे जुन्या हेडवर तिथे चांगल्या रबराचं अंब्रेला सील ठेवायला माझी हरकत नाही.

‘शक्य असेल तिथे’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. शेवरोलेचं १९५५चं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ घ्या. त्यात गाइडवर ओठाचं सील नव्हतंच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरची टोपी म्हणजे रिटेनर, आणि तिला स्टेमवर अडकवणारे तुकडे म्हणजे लॉक. स्टेमवर लॉकच्या खाली एक खाच आणि तिच्यात छोटी ओ-रिंग, म्हणजे रिटेनरच्या भोकातून ऑइल स्टेमवर उतरू नये. अशा हेडमध्ये गाइडचा माथा ओबडधोबड असतो. त्यावर पॉझिटिव्ह सील नुसतं दाबून बसवलं तर काही दिवसांत सुटून स्टेमबरोबर वर-खाली नाचायला लागतं. आधी मशीन शॉपमध्ये माथा सीलच्या मापाला, गाइडच्या भोकाशी समकेंद्री कापून घ्यावा लागतो. हा खर्च करायचा नसेल तर अंब्रेला सील लावणं हाच प्रामाणिक पर्याय.

दुसरी अडचण उंचीची. पॉझिटिव्ह सील जागा अडवून उभं राहतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की रिटेनर त्याच्या जवळ येतो. त्याच घराण्यातल्या १९९६ नंतरच्या व्होर्टेक हेडना कारखान्यातूनच पॉझिटिव्ह सील आली, पण जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकणाऱ्यांना तिथे साधारण १२ मिमी लिफ्टच्या आसपास रिटेनर सीलवर आदळतो हे कळून चुकलं. कॅम बदलत असाल तर पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि सील यांच्यात निदान दीड मिमी मोकळी जागा आहे का, हे मोजल्याशिवाय स्प्रिंग चढवू नका.

आणि गाइड! त्या शेवरोलेसाठी स्टेम-गाइडमधली फट नवीन असताना साधारण ०.०२५ ते ०.०७ मिमी असते. गाइड लंबवर्तुळाकार झिजलं की स्टेम डुलतं, आणि डुलणारं स्टेम पॉझिटिव्ह सीलचा ओठ एका बाजूने खाऊन टाकतं. अंब्रेला सील स्टेमबरोबरच हलत असल्याने हे डुलणं जास्त सोसतं, म्हणून झिजलेल्या हेडवर ते बसवून गाडी ग्राहकाला दिली जाते. धूर काही काळ कमी होतो, गाइड मात्र झिजलेलंच राहतं. व्हॉल्व्ह सीटवरून थोडा उचला, डायल गेज लावून डुलणं मोजा, गाइडचा निर्णय आधी घ्या. सीलची निवड त्यानंतर.

रबराबद्दल थोडक्यात. नायट्राइल स्वस्त, पण साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे कडक होत जातं. पॉलिअ‍ॅक्रिलेट त्याहून बरं. व्हायटॉन २०० अंश सहज सोसतं, आणि एक्झॉस्टला मी त्यापेक्षा कमी काही घेणार नाही. सीलच्या रंगावरून मटेरियल ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे असतात. पाकिटावरचा भाग क्रमांक वाचा.

बसवताना स्टेमच्या टोकावर प्लास्टिकची टोपी चढवा, नाहीतर लॉकच्या खाचेची धार नवा ओठ कापते. ओ-रिंग असेल तर ती रिटेनर दाबून धरल्यावर, लॉक घालण्याआधी चढवा. आधी घातली तर रिटेनर तिला पिरगाळतो. जुनी सील काढताना ती हातात प्लास्टिकसारखी तुटली, तर तिचे तुकडे आधीच खाली गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी नवं ऑइल भरण्याआधी इंजिनाखालचं ऑइल चेंबर (ऑइल पॅन) खोला आणि ऑइल पंपाची जाळी साफ करा.