पार्श्वभूमी : डायनोसॉर पुन्हा पुन्हा परततो तेव्हा

‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत ११ जून १९९३ला लागला. मुंबईत तो पुढच्या वर्षी आला, आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही आला. हॉलिवूडचा मोठा सिनेमा हिंदीत नीट डब केला तर तो कुलाबा-चर्चगेटच्या दोन-चार थिएटरांपुरता राहत नाही, हे या सिनेमाने वितरकांना दाखवून दिलं.

डबिंगची पद्धत इथे समजून घ्यायला हवी, कारण या मालिकेचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही त्यातून चटकन कळतात. परदेशी सिनेमा डबिंगला येतो तेव्हा संवादांचा ट्रॅक वेगळा असतो आणि संगीत-ध्वनिपरिणामांचा वेगळा. या दुसऱ्याला स्टुडिओत ‘एम अँड ई’ म्हणतात. ओठांच्या हालचाली बघत नव्याने रेकॉर्ड होतात ते फक्त संवाद. त्यामुळे सिनेमा हिंदीत पाहा नाहीतर इंग्रजीत, टी-रेक्सची डरकाळी तीच. हत्तीचं पिल्लू, वाघ आणि अ‍ॅलिगेटर यांचे आवाज एकत्र करून ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमने ती बांधली होती. पुढचे सगळे भाग या दोन ट्रॅकवर तपासून बघावेत. ‘एम अँड ई’वर जवळपास प्रत्येक भाग तग धरतो. घसरतो तो संवादांच्या ट्रॅकवर, माणसं पुन्हा त्या जनावरांच्या वाटेला का चालली आहेत हे सांगताना.

पहिल्या भागाचं गणित आधी बघू. १२७ मिनिटांच्या सिनेमात डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातही संगणकावर बनवलेले साधारण सहा मिनिटं. टी-रेक्स यायला तासभर लागतो. त्याच्या आधी येतो पाण्याचा ग्लास. पाण्यावर नेमकी गोल वलयं उठवायला गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती खालून छेडली होती. मग स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेला सुमारे ४० फुटांचा यांत्रिक टी-रेक्स समोर येतो. त्याचं कातडं फोम लेटेक्सचं होतं, आणि हा फोम स्पंजासारखं पाणी पितो. पावसाच्या दृश्यात तो भिजून जड झाला. हायड्रॉलिक यंत्रणा कोरड्या वजनासाठी जुळवलेली, त्यामुळे सगळा सांगाडा थरथरायला लागला. दोन टेकच्या मध्ये माणसं टॉवेलने त्याला पुसत होती. पण ते जडपण पडद्यावर उतरलं. गाडीच्या छतावर डोकं आपटतं तेव्हा आपण दचकतो, ते खरोखर काहीतरी आपटलेलं असतं म्हणून.

पुढच्या भागांची खरी अडचण इथूनच सुरू होते. लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस पहिल्यांदा बघून आ वासला गेला, तो दुसऱ्यांदा तसा वासला जात नाही.

१९९७चा ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हा या मालिकेतला सगळ्यात शिकण्यासारखा पुढचा भाग, कारण बळ आणि पोकळी दोन्ही त्यात शेजारी-शेजारी आहेत. या वेळी यांत्रिक टी-रेक्स दोन होते, प्रत्येकी सुमारे नऊ टनांचे. त्यांना सेटवर नेणं इतकं अवघड होतं की सेटच त्यांच्याभोवती उभारले गेले. कड्यावरून लोंबकळणाऱ्या ट्रेलरचं दृश्य घ्या. नायिका सारा मागच्या काचेवर पडते. उठायला तळहात टेकते, तिथून तडे फुटतात. हलावं तर तडा वाढतो, न हलावं तर वर चढता येत नाही. त्या वेळी समोर डायनोसॉर नाही, आहे ती फक्त काच आणि तिचा करकर आवाज. तसंच उंच गवताचं दृश्य. वरून कॅमेरा बघतो, गवतात वेगवेगळ्या दिशांनी रेषा उमटत माणसांच्या रांगेकडे येतात, आणि एकेक माणूस खाली ओढला जातो. टोळीने शिकार करणारे हे छोटे डायनोसॉर, म्हणजे रॅप्टर, जवळजवळ दाखवलेलेच नाहीत. न दाखवण्याचं हे धाडस पुढच्या भागांत फार कमी दिसतं, आणि ते जावं याचं खरोखर वाईट वाटतं.

त्याच सिनेमात एक लहान मुलगी जिम्नॅस्टिक्सचा झोका घेऊन रॅप्टरला लाथेने खिडकीबाहेर उडवते. तिथे रॅप्टरचा धाक एका क्षणात संपतो. आणि सॅन डिएगोला येणारं जहाज: खलाशी मेलेले, सुकाणूच्या चाकाला तुटलेला हात, टी-रेक्स मात्र जहाजाच्या तळाशी माल ठेवायच्या जागेत बंद. मग त्यांना मारलं कोणी? सिनेमा सांगत नाही. पाहताना वेगामुळे खपून जातं, घरी परतताना लोकलमध्ये प्रश्न पडतोच.

२००१चा तिसरा भाग ९२ मिनिटांचा. चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना पटकथा बाजूला ठेवून नवी लिहायला घेतली गेली, आणि ते शेवटाकडे जाणवतं. गोष्ट संपत नाही, थांबते. स्पायनोसॉरसने टी-रेक्सची मान मोडली हे तर अनेक चाहत्यांना आजही मान्य नाही. मात्र या भागात नर रॅप्टरांच्या डोक्यावर पिसांसारखे काटे आले. पिसांचे ठसे असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर चीनमधून १९९६ला जाहीर झाला होता. अंगभर पिसं असलेला पायरोरॅप्टर पडद्यावर यायला मात्र २०२२ उजाडलं. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता. सिनेमातला अंगापिंडाने त्याच्या मोठ्या भाऊबंदाच्या, डायनोनिकसच्या जवळ जातो.

२०१५चा ‘जुरासिक वर्ल्ड’ आपल्याकडे इरफान खानमुळे जास्त जवळचा. उद्यान चालू आहे, लोकांना साधे डायनोसॉर पुरेसे वाटत नाहीत म्हणून नवा संकरित प्राणी बनवतात: कारण पटणारं, आणि पुढच्या भागांचं दुखणंही नेमकं तेच. या सिनेमात सगळ्यात आत भिडतो तो मरणारा अ‍ॅपेटोसॉरस. त्याचं डोकं आणि मान खरीखुरी बनवलेली होती, नटांचे हात खऱ्या वस्तूवर टेकलेले होते.

२०१८च्या भागात ज्वालामुखी आहे, आणि इथे मुंबईकराला बोलायचा हक्क आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे काळे बेसाल्टचे खांब साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले. तो लाव्हा पातळ, भेगांतून वाहत पसरणारा होता. सिनेमातला डोंगर मात्र राख आणि वायूचा लोंढा सोडतो. असा लोंढा शेकडो अंश तापलेला असतो आणि बहुधा ताशी शंभर किलोमीटरहून वेगाने येतो. नायक त्यात सापडूनही धावत सुटतो. बंकरच्या छतातून हजार अंशांहून तापलेला लाव्हा गळतो आणि हातभर अंतरावरची माणसं नुसती बाजूला होतात. एवढं होऊनही धक्क्यावर मागे राहिलेला ब्रॅकिओसॉरस धुरात दिसेनासा होतो, ते दृश्य या सगळ्या चुका विसरायला लावतं. तिथे एकही संवाद लागत नाही.

२०२२च्या ‘डोमिनियन’ने पहिल्या भागातल्या तीन मुख्य पात्रांना परत आणलं, आणि गोष्ट टोळांवर नेली. डायनोसॉर माणसांच्या वस्तीत राहू लागले तर काय, हा मागच्या भागाने उभा केलेला प्रश्न बाजूलाच पडला.

जुलै २०२५च्या ‘रिबर्थ’ची पटकथा पहिल्या दोन भागांच्या डेव्हिड केपची. हृदयविकारावरच्या औषधासाठी जमीन, पाणी आणि आकाश इथल्या सगळ्यात मोठ्या तीन प्राण्यांचं रक्त हवं: मोहीम एका वाक्यात कळते, हे मोठं बळ. पण समुद्रात सापडलेलं एक कुटुंब गोष्टीचे दोन तुकडे करतं. शेवटचा उत्परिवर्तित प्राणी आकाराने अवाढव्य असला तरी तो कसा वागेल हे आपल्याला माहीत नसल्याने त्याची भीती बसत नाही. टी-रेक्सची बसते. नदीकाठी तो झोपलेला, आणि शेजारी गुंडाळलेली हवेची होडी. ती दबक्या पावलांनी ओढायची, फुगताना आवाज होणारच. हा नदीवरचा पाठलाग मायकल क्रायटनच्या १९९०च्या मूळ कादंबरीत होता, तिच्यावरून बनलेल्या १९९३च्या सिनेमात आला नव्हता. पडद्यावर पोचायला त्याला त्यानंतर बत्तीस वर्षं लागली.