समुद्री भिक्षू, समुद्री बिशप : चित्र घेण्यापूर्वी वाचा

भिक्षूसारख्या आणि बिशपसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांची ही चित्रे मुळात करमणुकीसाठी छापलेली नाहीत. पिएर बेलाँ (1553), माँपेलियेचा गियोम राँदले (1554) आणि झुरिकचा कॉनराड गेस्नर (1558) यांनी ती माशांवरच्या गंभीर ग्रंथांत घातली. भिक्षू डेन्मार्कजवळच्या समुद्रात 1540 च्या दशकाच्या अखेरीस सापडला म्हणतात. बिशप 1531 मध्ये पोलंडकडे. राँदलेला भिक्षूचे चित्र नाव्हारची राणी मार्गरीत हिच्याकडून मिळाले. चित्रकाराने पदरचे काहीतरी घातले असावे, ही शंका त्याने तिथेच नोंदवली आहे. पुढे डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ स्टेनस्ट्रुपने भिक्षू म्हणजे महाकाय माकूळ असे सुचवले. आम्हाला एंजल शार्क अधिक पटतो: चपटे अंग आणि झग्यासारखे पसरलेले पर.

पान अस्सल आहे का? आधी उलटून पाहा. गेस्नरच्या ग्रंथांत लाकडी ठसा मजकुराबरोबरच छापलेला असतो, त्यामुळे पाठीमागे लॅटिन किंवा (1563 च्या आवृत्तीत) जर्मन मजकूर हवा. पाठ कोरी असेल तर दहापट भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ती आजची ऑफसेट प्रत. तीही आम्ही विकतो, पण तसे सांगून आणि त्या किमतीला. कागद उजेडासमोर धरल्यास साधारण अडीच सेंटिमीटरवर समांतर रेघा दिसायला हव्यात. चित्राभोवती खोल चौकोनी दाब असेल तर छपाई तांब्याच्या पत्र्यावरची, म्हणजे हे पान गेस्नरचे नव्हे.

रंग हाताने, अनेकदा बऱ्याच नंतर भरलेले असतात. जुना तांब्याचा हिरवा कागद खातो. पाठीमागे तपकिरी डाग उमटला असेल तर तिथे पान दुमडू नका.

फ्रेममध्ये पान काचेला चिकटू देऊ नका. आम्लमुक्त माउंट (पान आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) किमान दोन मिलिमीटर जाड घ्या. पान फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून टांगा. सेलोटेप नकोच, त्याचा पिवळा डाग सहसा निघत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेमला आतून बुरशी धरते. आतली भिंत निवडा.

सोबत 'वाळवलेला समुद्री राक्षस' विकत मिळाला तर तो बहुधा पाकट जातीचा मासा कापून, वाकवून, सुकवलेला असतो. चेहऱ्यावरचे 'डोळे' म्हणजे पोटाकडच्या नाकपुड्या. खरे डोळे पाठीवर शोधा. औषधविक्रेते असे नमुने बनवतात हे गेस्नरनेच लिहून ठेवले होते. असल्या वस्तू आम्ही घेत नाही.