क्लातेनची जमीन : 'आदोल' या एका शब्दामागची पार्श्वभूमी

इंडोनेशियात मध्य जावातील योग्याकार्ता आणि सुराकार्ता या दोन जुन्या राजधान्यांच्या मधोमध क्लातेन जिल्हा आहे. पश्चिमेला मेरापी ज्वालामुखी, त्याच्या उतारावरून झिरपून खाली उसळणारे झरे आणि त्या पाण्यावर वर्षभर पिकणारी भातखाचरे. 2020 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर गेली. चौरस किलोमीटरला जवळपास 1,900 माणसे, आणि तरीही जिल्ह्याची ओळख तांदळाची आहे.

सध्या या जिल्ह्यात जुने कागद शोधण्याची धांदल आहे, त्याला दोन कारणे. एक म्हणजे सुराकार्ता-योग्याकार्ता टोलरस्ता. त्याचा क्लातेनपर्यंतचा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी गावोगावची खाचरे संपादित झाली. दुसरे कारण 2021 चा सरकारी नियम. जमिनीच्या जुन्या पारंपरिक कागदांना त्याने पाच वर्षांची मुदत दिली. 2 फेब्रुवारी 2026 नंतर हे कागद मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, माग काढण्यासाठीची खूण म्हणूनच उरतात. हे कागद म्हणजे मुख्यतः 'लेटर सी', अर्थात गावच्या कार्यालयातील वही, आणि तिचा उतारा 'गिरिक'. या वहीत नाव कोणाचे आणि ते कसे आले, हा प्रश्न क्लातेनमध्ये साधा नाही, आणि त्याची गाठ 'आदोल' म्हणजे 'विकणे' या शब्दापाशी पोचते.

या भागात कसणारा आणि मालक हे शब्द फार उशिरा एकत्र आले. 1755 च्या तहाने मातारामचे राज्य दोन दरबारांत विभागले गेले आणि हा मुलूख त्यांच्या जहागिऱ्यांत वाटला गेला. जमीन राजाची. राजघराण्यातील माणसांना आणि अधिकाऱ्यांना पगाराऐवजी तिचे उत्पन्न मिळे. असा जहागीरदार म्हणजे 'पातुह'. तो राहायचा राजधानीत, गावात वसुली करायचा त्याचा 'बेकेल'. पिकाचे पाच वाटे होत. दोन पातुहचे, एक बेकेलचे आणि दोन कसणाऱ्याचे. कसणाऱ्याकडे जमीन असे ती वेठीच्या बदल्यात. पूर्ण वेठ देणाऱ्याला पूर्ण वाटा मिळे आणि तो 'कुली केंचेंग' म्हणवला जाई. दुसऱ्याच्या अंगणात घर बांधून राहणारा 'मागेरसारी', त्याच्या वाट्याला शेत नाही. हे शब्द आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतात आणि कोणाचे घराणे कुठून आले ते त्यावरून गावाला कळते.

पुढे युरोपीय मळेवाल्यांनी या जहागिऱ्या खंडाने घेतल्या. 1823 मध्ये डच वसाहती सरकारने असे खंड रद्द केले. आगाऊ घेतलेले पैसे जहागीरदारांना परत करावे लागले आणि दोन वर्षांनी पेटलेल्या जावा युद्धामागच्या कारणांत हा असंतोषही होता. युद्धानंतर मळे परतले. खंडकरी मळेवाला पातुहच्या जागी बसला, त्यामुळे जमिनीबरोबर कसणाऱ्यांची वेठही त्याच्या हाती आली. क्लातेनच्या सपाटीवर साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली आणि वरच्या बाजूला तंबाखू आला.

1912 पासून जहागिऱ्या मोडून खेडी हे कारभाराचे एकक करण्यात आले आणि शेतकऱ्याला जमीन वापरण्याचा वंशपरंपरागत हक्क मिळाला. पण त्याच पुनर्रचनेत मळ्यांचा हक्क शाबूत राहिला. 1918 च्या नियमाने त्यांना गावच्या जमिनीचा निम्मा भाग पन्नास वर्षांपर्यंत वापरता येणार होता. याला 'ग्लेबागान' म्हणत. गावशिवाराचे दोन भाग, एकात कारखान्याचा ऊस किंवा तंबाखू, दुसऱ्यात शेतकऱ्याचा भात, आणि पुढच्या फेरीत अदलाबदल. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावरच्या जमिनीतली निम्मी कायम कारखान्याकडे. (याच काळात जावात तयार झालेला पी.ओ.जे. 2878 हा ऊस महाराष्ट्राच्या कालवेपट्ट्यातही लागला. आपल्याकडे पुढे गाजलेला को 419 त्याच्याच संकरातून आलेला.) ग्लेबागान संपले ते 1948 मध्ये, तरुण प्रजासत्ताकाने कायदा केला तेव्हा. माझ्या मते क्लातेनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य आले ते त्या वर्षी.

पुढच्या सगळ्या भांडणांची गाठ एका शब्दात आहे. जावानीज भाषेत 'आदोल' म्हणजे विकणे. पण जमिनीच्या बाबतीत नुसत्या 'आदोल'वरून काहीच ठरत नाही, त्यापुढे काय लागते ते पाहावे लागते. 'आदोल प्लास' म्हणजे कायमची विक्री. 'आदोल ओयोदान' म्हणजे ठराविक वर्षांसाठी पैसे घेऊन जमीन देणे, मुदत संपली की ती आपोआप परत. आणि 'आदोल सेंदे' म्हणजे पैसे घेऊन ताबा देणे, पण तेवढेच पैसे परत केले की जमीन पुन्हा आपली. तिघांनाही लोक 'विकली' असेच म्हणतात.

मराठी वाचकाला सेंदे हे कब्जेगहाणासारखे वाटेल आणि ते बरेचसे तसे आहेही. फरक असा की सेंदेला मुदत नसते. सोडवून घेण्याचा हक्क वीस वर्षांनीही जात नाही, तो मुलांकडे उतरतो. पैसे देणारा 'आता सोडव' असा तगादा लावू शकत नाही, त्याला स्वतःला पैसे हवे असतील तर तो जमीन तिसऱ्याकडे सेंदेने ठेवतो. व्याज वेगळे नाही, कारण दर हंगामाचे पीक हेच व्याज. लग्न, मयत, आजारपण, मुलाचे शिक्षण अशा अडचणीत गेलेली जमीन अनेकदा अशीच जाई. पुष्कळदा जमीन देणारा त्याच शेतात बटाईदार म्हणून राही. बांध तोच, खाचर तेच, फक्त अर्धे पीक ('मारो') किंवा दोन तृतीयांश ('मेर्तेलू') उचलून दुसऱ्याच्या घरी पोचवायचे. गावात बोलताना तो अजूनही 'माझे शेत' म्हणे, आणि पैसे देणाराही 'माझे शेत' म्हणे. दोघांचेही त्यांच्या परीने खरे होते.

मग 1960 साल आले. जानेवारीत बटाईचा कायदा, सप्टेंबरात मूलभूत जमीन कायदा, वर्षाअखेर कमाल-किमान धारणेचा कायदा. कमाल मर्यादा अतिशय दाट वस्तीच्या भागात 5 हेक्टर ओलिताची किंवा 6 हेक्टर कोरडवाहू, आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला निदान 2 हेक्टर मिळावे हे उद्दिष्ट. क्लातेनमध्ये हे उद्दिष्ट गणितात बसणारे नव्हते. 5 हेक्टरवरची घरे थोडी, त्यामुळे जादा निघणारी जमीन थोडी आणि मागणारे गावभर. म्हणून इथल्या गरिबांच्या आशा कमाल मर्यादेवर फारशा नव्हत्या. त्या होत्या बटाईच्या वाट्यावर आणि त्याच शेवटच्या कायद्यातील सातव्या कलमावर.

सातवे कलम सेंदेबद्दल होते. सात वर्षे किंवा जास्त काळ गहाण असलेली जमीन, उभे पीक निघाल्यावर महिन्याच्या आत, एक पैसाही न घेता मूळ मालकाला परत करायची. सात वर्षे झाली नसतील तर त्याचे सूत्र दिले होते. साडेसातमधून झालेली वर्षे वजा करायची, उरलेल्याला सातने भागायचे आणि मूळ रकमेने गुणायचे. सातशे रुपियांना (तिथले चलन) ठेवलेली जमीन तीन वर्षांनी साडेचारशेला सुटे. यामागचा विचार स्पष्ट होता. पैसे देणाऱ्याने पिकातून आपली रक्कम पाच-दहा वर्षांत व्याजासह वसूल केलेलीच असते, मग पुन्हा कशाचे पैसे?

हा हिशेब मला आजही न्याय्य वाटतो. पण गावात तो बसवताना किती जणांवर पाय पडणार होता तेही सांगितले पाहिजे. सेंदेने जमीन घेणारे सगळेच सावकार नव्हते. शिक्षक, कारकून, विधवा, बाजारात दुकान मांडून चार पैसे साठवलेली बाई, हजला जाण्यासाठी बचत करणारा मध्यम शेतकरी, अशांनीही तिथेच पैसे गुंतवले होते, कारण बँक त्यांच्या जगात नव्हती. कायद्याने त्यांची बचत एका ओळीत शून्यावर आणली. त्यांनी उलट युक्तिवाद केला की हे सेंदे नव्हतेच, ही कायमची विक्री होती. मूळ मालक म्हणे, सेंदेच होते. तोंडी व्यवहार, साक्षीदारांपैकी एक-दोघे वारलेले, आणि दोघांच्याही तोंडी एकच शब्द : 'आदोल'.

अशा वेळी गावची वही कामाला यायला हवी होती. पण लेटर सी मुळात मालकीची नोंद नव्हे, ती कराची यादी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावावर काही वर्षे ब्रिटिशांचा अंमल होता, तेव्हा हिंदुस्थानच्या धर्तीवर इथे जमीनसारा बसवला गेला. दरबारी मुलूख तेव्हा त्यातून वगळला होता, पण पुढे तिथेही तीच रीत पोचली. कर ज्याच्याकडून घ्यायचा त्याचे नाव वहीत. सोबत तुकड्याचा क्रमांक, ओलितासाठी 'एस' आणि कोरडवाहूसाठी 'डी' असा वर्ग, आकार, आणि शेवटी बदलाचे कारण व तारीख यांचा रकाना. सेंदेच्या काळात कर भरणारा बदलला तर नावही बदलू शके. सातबाऱ्याशी आयुष्यभर झुंजलेल्या वाचकाला हा घोळ वेगळा समजावून सांगायला नको. 1960 च्याच फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कराचा कागद हा मालकीचा निर्विवाद पुरावा नाही असे म्हटले. निकाल बरोबर होता, पण गरिबाकडे दुसरा कागद कोणता होता?

आणि वही ज्याच्या ताब्यात, तो गावप्रमुख स्वतः या भांडणात पक्षकार होता. त्याला पगाराऐवजी 'बेंगकोक' म्हणजे पदाची जमीन मिळे, आणि ती तो बटाईने लावी. बटाईच्या कायद्याने करार लेखी आणि त्याच गावप्रमुखापुढे व्हायला हवे होते, ओलितासाठी किमान तीन वर्षांचे. भाताच्या वाट्याचे प्रमाण निम्मे-निम्मे धरले होते. असे करार कागदावर फार थोडे उतरले.

1963 च्या अखेरीपासून आणि विशेषतः 1964 मध्ये, क्लातेनमध्ये बटाईदारांनी कायदा स्वतःच राबवायला सुरुवात केली. डाव्या शेतकरी संघटना त्यांच्यामागे होत्या. पीक कापून घरी न्यायचे आणि कायद्याप्रमाणे होणारा वाटाच मालकाला द्यायचा, सेंदेची जमीन नांगरून ताब्यात घ्यायची. याला 'एकतर्फी कृती' म्हणतात आणि ती हाती घेणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत क्लातेन होता. समोर तिथल्या राष्ट्रवादी पक्षाचे आणि धार्मिक संघटनांचे लोक उभे राहिले. त्यांच्यातही लहान शेतकरी होते, हे त्या काळाच्या डाव्या पत्रकांतून फारसे दिसत नाही. 'एकतर्फी' हा शब्दही एका बाजूचाच आहे. चार वर्षे कायदा न पाळणाऱ्यांच्या वागण्याला असे नाव कोणी दिले नाही. जमिनीच्या तंट्यांसाठी 1964 मध्ये खास न्यायालये निघाली, डिसेंबरात बोगोर इथे पक्षांनी चर्चेने तंटे सोडवण्याचे मान्य केले. तोवर गावे दुभंगली होती.

जावानीज म्हण आहे : 'सादुमुक बातुक, सान्यारी बूमी'. कपाळावरच्या एका स्पर्शासाठी आणि बोटभर जमिनीसाठी छाती फुटेपर्यंत झुंजायचे. 1965 च्या ऑक्टोबरात राजधानी जाकार्तातील फसलेल्या उठावाचे खापर डाव्यांवर फुटले, त्यानंतर लष्कर मध्य जावात उतरले आणि क्लातेनमध्ये मोठी कत्तल झाली. जमीन मागणारे, त्यांचे शेजारी, नुसते यादीत नाव असलेले, अनेक मारले गेले किंवा वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. मिळालेली जमीन पुष्कळांच्या हातून गेली. 1970 मध्ये ती खास न्यायालये बंद झाली. सातवे कलम रद्द झाले नाही, ते आजही लागू आहे. पण पुढची तीस वर्षे त्याचा आधार मागणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते.

त्यानंतरचे बदल पिकातून आले. साठच्या दशकाच्या अखेरीस आखूड, लवकर येणाऱ्या जाती आल्या आणि क्लातेनमधल्याच देलांगूचा उंच, सुवासिक, पाच महिन्यांचा रोजोलेले हा भात मागे पडला. पूर्वी कापणीला गावातल्या बाया 'आनी-आनी' या बोटातल्या पात्याने एकेक लोंबी कापत आणि वाटा घेऊन जात. या वाट्याला 'बावोन' म्हणतात. 'तेबासान'मुळे, म्हणजे उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते देण्याच्या रिवाजामुळे, विळा आणि बाहेरचे मजूर आले, आणि भूमिहीन बाईचा पिकावरचा हा जुना हक्क गेला. तो कोणत्याही वहीत नव्हता, म्हणून गेल्याची नोंदही नाही. तुडतुड्यांनी सत्तरच्या दशकात पिके बसवली, 1986 मध्ये 57 कीटकनाशकांवर भातासाठी बंदी आली.

दरम्यान तुकडे लहान होत गेले. वारसा वाटताना मुलग्याला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे 'सपिकुल सगेंदोंग', अशी एक रीत आहे. दुसऱ्या रीतीत सगळ्यांना सारखे. लग्नानंतर दोघांनी कमावलेले ते 'गोनो-गिनी', त्यात बायकोचा हक्क पक्का. अर्ध्या हेक्टरखालच्या शेतकऱ्याला 'गुरेम' म्हणतात, मूळ अर्थ कोंबडीच्या अंगावरची पिसू. आज क्लातेनचा बहुतेक शेतकरी या शब्दात मोडतो.

टोलरस्त्याच्या संपादनात भरपाई कागदावरच्या माणसाला मिळते, म्हणून जुने सेंदे पुन्हा चर्चेत येणे साहजिक आहे. गावच्या सामाईक जमिनीचा आणि बेंगकोकचा प्रश्न वेगळा, तिथे जमिनीच्या बदल्यात जमीनच द्यावी लागते. 2017 पासून सरसकट मोजणी आणि नोंदणीची मोहीम चालू आहे आणि ज्यांची नावे निर्विवाद आहेत त्यांना पक्की सनद मिळते आहे. ज्यांची नाहीत त्यांच्यासाठी गावच्या कार्यालयातील ती पिवळी पडलेली वही अजूनही उघडावी लागते. तिथे नावाचा रकाना पुरत नाही. पाहावा लागतो शेवटचा, कारण आणि तारखेचा रकाना, आणि 'आदोल' लिहिले असेल तर त्यापुढे आणखी काही लिहिले आहे का ते.