फाटे कलम (मांसल वनस्पती)

पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या, म्हणजे मांसल वनस्पतींची (रोपवाटिकेच्या भाषेत सक्युलंट) फांदी छाटून तिच्यापासून नवे रोप करण्याची पद्धत. एकाच कापात दोन कामे होतात: मूळ झाडाला नवे घुमारे फुटतात आणि छाटलेला फाटा रुजतो.

शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा उडवला की पेऱ्यावरचे डोळे जागे होतात. जेडची (क्रॅसुला ओव्हाटा) पाने समोरासमोर असल्याने फूटही बहुधा जोडीने येते. उजेडाअभावी लांबुडक्या झालेल्या रोपांनाही छाटणीच लागते, कारण एकदा ताणलेली पेरी नंतर उन्हात ठेवूनही आखडत नाहीत.

जास्वंदीची काडी कापली की लगेच ओल्या मातीत खोचायची, ही सवय इथे नडते. सक्युलंटचा फाटा आधी सावलीत, हवेशीर जागी उघडा ठेवतात: जेड ३ ते ७ दिवस, जाड खोडाचा निवडुंग आठवडा-दोन आठवडे. कापावर किणक (जखम बंद करणारा कोरडा थर) धरले की बोटाला चिकटपणा लागत नाही. जागा कोरडी, बुचासारखी लागते. तोवर फाटा साठवलेल्या पाण्यावर तग धरतो. शिवाय यांतील बहुतेकांची पर्णरंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी फारसे उडत नाही. मग जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कोकोपीट अशा मिश्रणात फाटा लावतात, पाणी बेताचेच. मुळे धरायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. हलकेच ओढल्यावर फाटा अडला, की मुळे धरली असे समजावे. कोकणातल्या भर पावसात हा उद्योग टाळावा; काप सुकण्याआधीच कुजतो.

शेराचे कुंपण असेच फांद्या रोवून होते. मात्र त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. घरोघरी ‘पान’ लावून वाढवलेले ब्रह्मकमळ (एपिफायलम, हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे) हेही खरे तर फाटे कलमच, कारण ते पान नसून चपटे खोड असते.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात हे काम हत्ती करतात. तिथला स्पेकबूम (पोर्टुलाकेरिया आफ्रा, आपल्याकडे बरेचदा हाच ‘जेड’ म्हणून विकला जातो) हत्ती वरून ओरबाडतात. खाली पडलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या मुळे धरतात. शेळ्या मात्र बुडापासून खातात, त्यामुळे झुडपाचा घेर उरत नाही. चराईने उजाड झालेल्या रानांत आता माणसे स्पेकबूमचे फाटे थेट जमिनीत लावत आहेत.

अडेनियमचा फाटा रुजतो, पण बियांच्या रोपाला येतो तसा फुगीर बुंधा त्याला सहसा येत नाही.