क्लिनिकल प्रशिक्षणातील जोखीम व घटना-व्यवस्थापन (ग्रामीण विदर्भ)

एमबीबीएस, बीएस्सी नर्सिंग, जीएनएम व एएनएम (हेही नर्सिंगचे अभ्यासक्रम) किंवा लॅब टेक्निशियनचे विद्यार्थी वॉर्डात, ओपीडीत वा प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकत असताना त्यांना स्वतःला, किंवा त्यांच्या हातून पेशंटला, इजा होऊ नये म्हणून घ्यायची काळजी. आणि इजा झालीच तर लगेच करायची कार्यवाही. चूक वेळीच लक्षात आली आणि पेशंटपर्यंत पोहोचली नाही, तरी ती घटनाच धरतात. वॉर्डात तिला ‘निअर मिस’ म्हणतात.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये सुरू झाली आणि विदर्भातले वैद्यकीय शिक्षण नागपूर शहराबाहेर, खेड्याच्या दारात आले. पुढे यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथे शासकीय महाविद्यालये निघाली. म्हणून ही काळजी आता नागपूरबाहेरही तितकीच घ्यावी लागते.

सुई टोचणे. सर्वांत जास्त बोलली जाणारी आणि तरीही सर्वांत जास्त लपवली जाणारी घटना हीच. रात्रपाळीत, शीर (व्हेन) सापडत नसताना किंवा वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना ती घडते. टोपण लावायचेच नसते. सुई हब कटरने कापून पांढऱ्या, सुईने भोसकला न जाणाऱ्या डब्यात टाकायची असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी डब्यांचे रंग ठरवून दिले आहेत. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस-बी होण्याची मात्र ६ ते ३० टक्के. भीती एचआयव्हीची आणि धोका हिपॅटायटिसचा, असा हा उलटा हिशेब आहे. म्हणून हिपॅटायटिस-बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस पहिल्या पोस्टिंगआधीच (वॉर्डातल्या पहिल्या नेमणुकीआधीच) सुरू करावे लागतात.

सुई टोचली की जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही. मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवून पेशंटच्या आणि स्वतःच्या रक्ताची तपासणी करायची. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत घ्यावा लागतो. कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस-सीसाठी असे औषध नाही, तिथे पुढच्या तपासण्यांवरच भिस्त. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडच्या केंद्रावर असलेल्या इंटर्नला हे दोन तास गाठायचे, तर औषध जवळ कुठे मिळते हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी ठाऊक हवे. टोचल्यावर शोधाशोध केली की वेळ रस्त्यातच जातो.

का लपवतात. इन्चार्ज सिस्टरची बोलणी, हजेरी कापली जाण्याची धास्ती, आणि ‘एचआयव्हीची तपासणी केली म्हणे’ ही होस्टेलमधली कुजबुज. घटना-नोंदीच्या फॉर्ममध्ये ‘चूक कोणाची’ हा रकाना पहिला असेल, तर तो फॉर्म कोरा राहणार, यात नवल नाही.

पेशंटला होणारी इजा. इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या असतात, सिरिंजही दोन. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजने भरले तर डोस अडीचपट होतो. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर लेबल पलंगाजवळच लिहायचे. टेबलावर सहा नळ्या एकत्र आणून लिहिल्या की अदलाबदल ठरलेली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या पेशंटने मान हलवली म्हणजे त्याला कळले, असे धरून चालणे हीदेखील जोखीमच. अशा वेळी भाषा जाणणाऱ्या आशाताईंना मध्ये बसवून पेशंटकडूनच पुन्हा वदवून घेतात.

स्थानिक जोखमी. कापसावरच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाल्यावर हा विषय देशभर गाजला. ऑर्गेनोफॉस्फेट (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक प्रकार) कातडीतूनही अंगात जाते. भिजलेले कपडे काढताना मदत करणारा विद्यार्थी हातमोज्यांशिवाय असू नये. सर्पविषावरचे प्रतिविष देतानाही पेशंटला अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून तिच्यावरचे अॅड्रिनलिन इंजेक्शन आधीच भरून ठेवतात.

नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. तो घटनेनंतर कामी येतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत (अपघात विभागात) इंटर्न एकटाच असू नये, हे पाहणे रुग्णालयाकडे राहते.