टीव्हीमागची जागा कधीच का पुरली नाही

साताऱ्यात पोवई नाक्यावरून बत्तीस इंची टीव्ही घरी आणला की मागे चित्र-आवाजाची वायर लावायच्या जागा, म्हणजे एचडीएमआय पोर्ट, बहुधा दोनच निघतात. त्यांवर हक्क सांगायला सेटटॉप बॉक्स, साउंडबार, गेमचं यंत्र आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक अशी रांग लागलेली असते. पण ही टंचाई आजची नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सातारा-सांगलीकडे टीव्हीचं खरं वेड पसरलं ते १९८२ च्या आशियाई खेळांसोबत रंगीत प्रक्षेपण आल्यावर. त्या टीव्हीला आत शिरायची वाट एकच, अँटेनाची. छपरावरून येणारी चपटी पट्टीची वायर ३०० ओहमची आणि टीव्हीचं गोल सॉकेट ७५ ओहमचं असलं, तर मध्ये दोघांचा मेळ घालणारा, बोटाच्या पेराएवढा बालन लागायचा. त्याचा स्क्रू ढिला झाला की पडद्यावर मुंग्या.

मग रात्रभरासाठी भाड्याने व्हीसीआर यायला लागले. त्यांच्यासाठी टीव्हीला वेगळी जागा नव्हती, म्हणून व्हीसीआरमध्येच मॉड्युलेटर बसवलेला असे. तो कॅसेटवरचं चित्र एखाद्या रिकाम्या चॅनेलवर चढवून द्यायचा. अँटेना व्हीसीआरमध्ये आणि व्हीसीआरची वायर टीव्हीत, म्हणजे एकाच सॉकेटवर दोघांचं भागायचं. मला हा तोडगा आजही फार हुशारीचा वाटतो. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमनेही हीच वाट धरली, सोबत टीव्ही की गेम ते निवडायची सरकती डबी. केबल आली तीही त्याच सॉकेटवर, अँटेना काढून.

पुढे टीव्हीमागे एव्ही नावाची वेगळी जागा आली. तिच्या पिवळी (चित्राची), पांढरी, लाल (आवाजाच्या) अशा तीन पिनांनी चित्र सुधारलं, कारण ते चॅनेलवर चढवणं-उतरवणं टळलं. डीव्हीडी, २००३ नंतर डीटीएचची छत्री, सगळं या पिनांवर आलं आणि मागे पिना कमी पडू लागल्या.

मोठा फरक पडला तो केबल डिजिटल झाल्यावर. छोट्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ आणि खेड्यांना अखेर ३१ मार्च २०१७ ही मुदत होती. तोवर केबल थेट टीव्हीत जायची, चॅनेल टीव्हीच बदलायचा. आता केबल असलेल्या प्रत्येक घरात एक डबा सक्तीचा झाला आणि एक जागा कायमची गेली. टीव्हीही त्याच सुमारास पातळ होत होते. अनेक कंपन्यांनी तीन पिनांऐवजी एकच ३.५ मिमीचं छिद्र ठेवलं. त्याच्या वायरीतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. एका टीव्हीसोबत आलेली वायर दुसऱ्याला लावली की आवाज येतो, चित्र येत नाही. अशा वेळी पिवळी पिन लाल जागी लावून बघावी.

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ चा. चित्र आणि आवाज एका वायरीत आले, पण एका पोर्टावर एकच डबा, हा नियम राहिलाच. स्विच त्यासाठीच असतो : तीन वायरी आत, एक बाहेर. दुकानात तसाच दिसणारा स्प्लिटर उलट काम करतो, एका डब्याचं चित्र दोन टीव्हींवर दाखवतो, तेव्हा घेताना बाण पाहून घ्या. फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र हवं असेल तर १८ जीबीपीएस वेग आणि एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं कुलूप चालणारा स्विच लागतो, नाहीतर काही सेवा काळा पडदा दाखवतात. बारके स्विच डब्याकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात. वायर लांब असली की चित्र तुटतं, मग स्विचला टीव्हीच्या यूएसबीतून वीज द्यावी.

२००९ च्या एआरसी या सोयीमुळे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीतून उलटा साउंडबारकडे जाऊ लागला, पण ती सोय बहुधा एकाच पोर्टात असते आणि दोनपैकी एक तिथेच अडकतं. साउंडबारला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून फक्त आवाज नेणाऱ्या वायरीची जागा असेल तर तो तिकडे हलवावा. अ‍ॅटमॉसचा, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येतोसा वाटणारा आवाज मात्र ऑप्टिकलमधून जात नाही. साध्या दर्जाचं चित्र देणारा केबलचा डबा एव्हीच्या पिनांवर ठेवला तरी चालतो, आणि दोन्ही एचडीएमआय स्टिक आणि गेमला मोकळे राहतात.