नाडीतरंग-मापन

सुई न टोचता, धमनीत नळी न घालता, तिच्यातून जाणारी दाबाची लाट शरीराबाहेरून टिपण्याची पद्धत. मनगटावर बोटाला लागतो तो ठोका म्हणजे हृदयातून नुकतेच निघालेले रक्त, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. हृदय आकुंचन पावले की महाधमनी ताणली जाते आणि तो ताण भिंतीभिंतीने पुढे धावतो. तरुणपणी महाधमनीत त्याचा वेग सेकंदाला ५ ते ७ मीटर असतो. रक्त मात्र सरासरी अर्धा मीटरही सरकत नाही.

या लाटेची चाल वैद्यांनी उपमांतून सांगितली. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी, कफाची हंस किंवा पारव्यासारखी. उपमा नेमक्या आहेत, पण एका वैद्याच्या बोटाला जाणवलेला हंस दुसऱ्याला दाखवता येत नाही. ती सोय कागदाने केली. जर्मनीत फीरोर्टने वजने लावलेली अवजड तरफ मनगटावर वापरून पाहिली होती. फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारेने १८६० मध्ये हलकी स्प्रिंग व तरफ जोडून काजळी धरलेल्या कागदावर नाडीचा आलेख उमटवला. लंडनच्या गायज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–१८८४) याने त्यात दाब मोजून देण्याची सोय केली आणि मूत्रपिंडे धडधाकट असलेल्यांतही ‘ताणलेली’ नाडी सापडते हे दाखवले. रक्तदाब मोजायचा पट्टा यायच्या कितीतरी आधी हे उच्च रक्तदाबाचे निदानच होते. त्याचे आजोबा पाटण्याचे शेख दीन महोमेद.

आज भर वेगावर आहे. धमनी जितकी ताठ, तितकी लाट वेगवान. मोएन्स व कोर्टेवेख यांच्या १८७८ च्या सूत्रानुसार, बाकी सारे तेच राहून भिंतीचा ताठपणा चौपट झाला तर वेग दुप्पट होतो. ताठ धमन्यांत फांद्यांवरून परतणारी लाटही लवकर येते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याला भिडते आणि वरचा दाब वाढवते.

मापनासाठी एक संवेदक मानेतील धमनीवर, दुसरा जांघेतील धमनीवर धरतात. पेन्सिलीसारखा संवेदक धमनीला किंचित चपटी करून दाबाचा आलेख घेतो. दोन्हीकडच्या लाटांतले अंतर ५० सेंटिमीटर व वेळेचा फरक ०.०७ सेकंद असेल, तर वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर, फरक ०.०५ वर आला की तो १० होतो. १० च्या वर गेलेला वेग महाधमनी ताठरल्याची खूण मानतात. मनगटी घड्याळातला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचे कमीजास्त होणे प्रकाशावरून ओळखतो; ठोके मोजायला तो पुरतो, धमनीचा ताठपणा ठरवायला एकटा पुरत नाही.

वेळ यंत्र अचूक सांगते, अंतर मात्र शिंप्यासारखे टेपने मोजायचे. लाट हृदयाकडून मानेकडे आणि जांघेकडे एकाच वेळी धावत असल्याने मान ते जांघ या अंतराच्या ८० टक्केच हिशेबात धरतात. तरीही सुटलेल्या पोटावरून टेप वळवली की अंतर वाढते, आणि धमनी आहे त्याहून ताठ ठरते.